बेस गिटार घेताना आधी कान, मग रंग

भावा, ब्रँड नंतर बघू. आधी सांग, वाजवणार कुठे? गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात ढोलकीच्या खाली भक्कम आवाज हवा असेल तर प्रिसिजन धाटणीचा बेस बघ. फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीने तो १९५१ साली आणला. १९५७ पासून त्याचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारं चुंबक, दोन तुकड्यांचा झाला, म्हणून विजेची गुणगुण जवळजवळ नाहीच. बोटांची कारागिरी स्पष्ट ऐकवायची असेल तर फेंडरचाच जॅझ बेस बघ, तो १९६० साली आला. नेक, म्हणजे बोटं फिरतात ती मान, अरुंद, पिकअप दोन. पण एकच पिकअप चालू ठेवलास की मंडपातल्या लायटिंगजवळ तो भुणभुणतो.

मी पहिला बेस नुसता लाल रंग बघून घेतला. पाचव्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या पाचव्या आडव्या पट्टीवर, तार खरखरायची! तू दुकानात जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाब. मधे, सातव्या-आठव्यापाशी, तार आणि फ्रेटमधे व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढीच फट हवी. सोलापूरच्या उन्हाळ्यात नेक हलते, त्यामुळे ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक नीट करायची आतली सळई, फिरतो का हेही विचार. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बेस ठेवू नकोस.

आणि हातातला बेस फार चरचरीत वाटत असेल तर विकायची घाई नको. आधी फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून गुळगुळीत, मऊ आवाजाच्या तारा लावून बघ.