ऑलिंपिक जिंकलेले मास्तर

प्रश्न : माझा भाचा प्राथमिक शाळेत शिकवतो आणि गावच्या संघातून फुटबॉल खेळतो. ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवलेले एक इंग्लिश मास्तर पहिल्या महायुद्धात मारले गेले, असे तो सांगतो. एवढा मोठा खेळाडू शाळेतच का राहिला? भाच्याला घरचे म्हणतात, एक तर नोकरी कर, नाहीतर खेळ.
— एक वाचक, शिवोली

उत्तर : भाचा सांगतो ते खरे आहे. ते जोसेफ डाइन्स. जन्म १८८६, गाव किंग्ज लिन. इलफर्डच्या हौशी संघाचे हाफबॅक, म्हणजे मधल्या फळीतले खेळाडू. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये ग्रेट ब्रिटनने हंगेरीला ७-०, फिनलंडला ४-० आणि अंतिम सामन्यात डेन्मार्कला ४-२ असे हरवले. तिन्ही सामन्यांत डाइन्स मैदानात होते. त्याच वर्षी लिव्हरपूलकडून ते व्यावसायिकांच्या लीगमध्येही उतरले, पण हौशी म्हणूनच आणि एकाच सामन्यापुरते.

शाळेतच का राहिले, ते त्यांच्या मनातले मी कसे सांगू? पण तेव्हाचा हिशेब पाहा. इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडूच्या पगारावर मर्यादा होती : आठवड्याला ४ पौंड, १९१० नंतर बरीच वर्षे खेळत असलेल्यांना ५. पाय मोडला की तेही गेले. शिवाय खेळण्याचे पैसे घेणाऱ्याला ऑलिंपिकचे दार बंद. म्हणजे शाळेतल्या नोकरीमुळेच ते स्टॉकहोमला जाऊ शकले, हे भाच्याच्या घरच्यांना जरूर सांगा.

२७ सप्टेंबर १९१८ रोजी फ्रान्सच्या आघाडीवर सेकंड लेफ्टनंट डाइन्स मारले गेले. वय ३२. दीड महिन्याने, ११ नोव्हेंबरला, युद्ध थांबले. त्या दीड महिन्याचे मला फार वाईट वाटते. ऑलिंपिकचा हाफबॅक तर गेलाच, पण एका शाळेचे मास्तरही परतले नाहीत.

तुमच्या शिवोलीतच १८८३ च्या सुमारास फादर लायन्स यांनी गोव्याला फुटबॉलची गोडी लावली. तेही शिकवणारेच. भातकापणीनंतर शेतात मेरेच्या, म्हणजे बांधाच्या, कडेने पोरांना खेळवणारे कितीतरी मास्तर मी बार्देशात पाहिले आहेत. मीही शाळेत खेळच शिकवला. भाच्याने राजीनामा देऊ नये आणि बूटही टांगून ठेवू नयेत. सराव सकाळी शाळा भरण्याआधी ठेवावा, आणि पाचवी-सहावीची पोरे सोबत घ्यावीत.