अमर, इच्छाधारी (हवं ते रूप घेणारा) नायक आणि मर्त्य पुरुष यांची प्रेमकथा पहिल्यांदाच लिहितोयस ना?

भाऊ, कल्पना जोरदार आहे, सोडू नकोस. सध्या एवढंच सांभाळ.

१. रूपबदलाला एक नियम आणि एक किंमत ठरव. तो केव्हाही काहीही होऊ शकला तर संकट उरतच नाही.

२. मर्त्य नायकाला स्वतःचं आयुष्य दे. नवे लेखक हमखास इथेच घसरतात: अमर तो देखणा, गूढ, दुसरा नुसता बघत बसलेला. तो रावेरचा केळी उत्पादक असेल तर कापणीला आलेले घड, न आलेला ट्रक, आईचा लग्नाचा तगादा, सगळं येऊ दे. त्याच्याकडे वेळ कमी आहे आणि अमराला ती घाई कळतच नाही. प्रेमातला ताण तिथूनच येतो.

३. समलिंगी असण्याला शाप करू नकोस. कथा सप्टेंबर २०१८ च्या आधीची असेल तर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची भीती मात्र खरी, ती दाखव. शेवटी एकाला मारायचा मोहही आवर.

अमरत्वासाठी परदेशी रक्तपिपासू कशाला? चांगदेव १४०० वर्षं जगले ही आख्यायिका आपल्या तापी-पूर्णा संगमाजवळच आहे.

अहिराणी संवादांत ठेव. दोन काळ, दोन निवेदक वगैरे नंतर बघू. आधी फक्त पहिली भेट लिही आणि मला वाचायला दे.