मातीच्या ट्रॅकमध्ये साठ हजार डॉलर घालावेत का?

प्रश्न (मूळ पत्र संक्षिप्त करून) : मी मूळचा साताऱ्याचा. पुण्यात काही वर्षे नोकरी केल्यानंतर कंपनीमार्फत अमेरिकेत आलो आणि गेली तेरा वर्षे आयोवा राज्यात इंजिनियर आहे. व्हिसा एच-वन-बी असून ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. आमच्या गावाबाहेर मोटारशर्यतींचा मातीचा लंबगोल ट्रॅक आहे. उन्हाळ्यातल्या शनिवारी संध्याकाळी सहकुटुंब तिथे जाण्याची आम्हाला सवय लागली आहे. मालक आता 74 वर्षांचे आहेत, मुलांना या व्यवसायात रस नाही आणि जागेवर बांधकाम व्यावसायिकांचा डोळा आहे. ट्रॅक वाचावा म्हणून आम्ही सहा जण मिळून तो विकत घेण्याचा विचार करीत आहोत. 40 एकर जागेसह किंमत 9,00,000 डॉलर आहे. प्रत्येकाने 60,000 डॉलर घालायचे, उरलेले 5,40,000 डॉलर स्थानिक बँक देईल, मात्र सहाही जणांनी वैयक्तिक जामीन राहावे अशी तिची अट आहे. माझ्याकडे 85,000 डॉलर रोख व गुंतवणूक, निवृत्तीच्या ‘401-के’ खात्यात 2,40,000 डॉलर आणि हडपसरला भाड्याने दिलेला, कर्ज नसलेला फ्लॅट आहे. मुलगी दहावीत आहे. पैसे कशातून उभे करावेत?

उत्तर : पैसे कशातून उभे करावेत हा तुमचा प्रश्न आहे, परंतु त्याआधी ते उभे करावेत का, हे पाहायला हवे. माझे मत प्रथमच सांगतो. भागीदारी घेऊ नये, आणि जामीनकीच्या कागदावर तर कोणत्याही परिस्थितीत सही करू नये. ट्रॅकला मदत करण्याचे इतर मार्ग आहेत, त्यांविषयी पुढे लिहितो.

तुम्ही पाठवलेल्या जमाखर्चावरून एका रात्रीचा हिशेब असा दिसतो. सरासरी 700 प्रेक्षक प्रत्येकी 15 डॉलरचे तिकीट काढतात, म्हणजे 10,500 डॉलर. पिटमध्ये, म्हणजे गाड्यांच्या बाजूला, चालक, त्यांचे मदतनीस आणि घरची माणसे मिळून सुमारे 220 जण प्रत्येकी 35 डॉलर भरतात, त्याचे 7,700. खाण्यापिण्याच्या काउंटरवर खर्च वजा जाता 3,500 सुटतात. एकूण 21,700. यातून 11,500 डॉलर बक्षिसांचे आणि 5,800 डॉलर विमा, रुग्णवाहिका, मजुरी, वीज, डिझेल, वर्षभराचा मालमत्ता कर आणि यंत्रांची दुरुस्ती यांचे जातात. हाती राहतात 4,400. गेल्या वर्षी ठरलेल्या वीस रात्रींपैकी चार पावसाने गेल्या आणि सोळा झाल्या, त्यामुळे शिल्लक सुमारे 70,000 डॉलर. हाच आकडा मालकांनी तुम्हाला ‘वर्षाचा नफा’ म्हणून सांगितला आहे.

त्यांच्या दृष्टीने तो नफा आहेही, कारण त्यांच्या डोक्यावर कर्ज नाही आणि ते स्वतः किंवा त्यांची पत्नी पगार घेत नाहीत. तुम्हाला मात्र व्यवस्थापक नेमावा लागेल आणि काउंटर सांभाळायला माणूस ठेवावा लागेल. हंगामापुरते धरले तरी त्याला 40,000 डॉलरच्या खाली भागेल असे मला वाटत नाही. उरले 30,000. बँकेचे कर्ज आठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी धरले तर हप्ता दरमहा साधारण 4,500, म्हणजे वर्षाला 54,000 डॉलर होतो. याचा अर्थ, पाऊस गेल्या वर्षीइतकाच पडला आणि एकही यंत्र मोठे बिघडले नाही, तरी दरवर्षी 24,000 डॉलरची तूट, ती सहा जणांत वाटल्यास प्रत्येकी 4,000. आणखी चार शनिवार धुऊन गेले तर हीच वर्गणी 7,000 च्या घरात जाईल. उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. दर शनिवारी शंभर प्रेक्षक वाढले तर तूट भरून निघते, आणि सातशेचे आठशे होणे अशक्य कोटीतले नाही. पण तसे झाले तरी तुम्ही केवळ शून्यावर पोहोचता. साठ हजार डॉलरवर एक पैसाही सुटत नाही.

पावसाचा मुद्दा तुमच्या पत्रात एका ओळीत आला आहे. मला तो अधिक गंभीर वाटतो, कारण मातीच्या ट्रॅकवर रद्द झालेली रात्र नुसते उत्पन्न बुडवत नाही, वर पैसेही खाऊन जाते. चिकणमातीत ओल कमी पडली तर प्रेक्षक धुळीने माखतात आणि पुढच्या शनिवारी येत नाहीत, ओल जास्त झाली तर खड्डे पडून गाड्या मोडतात. म्हणून शर्यतीच्या दिवशी सकाळपासून टँकरने पाणी मारणे, ग्रेडर, म्हणजे माती सपाट करणारे यंत्र, फिरवणे, रोलरने दाबणे चालू असते. दुपारी चार वाजता वीज कडाडली की ते डिझेल आणि ती मजुरी गेलेली असते, सँडविचसाठी मागवलेले मांस परत फ्रीजरमध्ये जाते आणि पाव टाकून द्यावे लागतात. शिवाय शेजारच्या काउंटीतला, म्हणजे जिल्ह्यातला, ट्रॅक कोरडा असेल, तर तुमचे चालक गाड्या ट्रेलरवर चढवून तिकडे जातात. त्यांतले काही तिकडेच रमतात.

आणि चालक गेले की दोन्ही दारांची आवक घटते. तुमच्याच आकड्यांत बक्षिसाच्या 11,500 पैकी 7,700 डॉलर, म्हणजे दोनतृतीयांश रक्कम, पिटच्या दारातूनच आलेली आहे. शर्यतीत उतरणारेच बऱ्याच अंशी स्वतःच्या बक्षिसाचे पैसे भरत असतात. त्यामुळे त्यांचा खर्च वाढला की ट्रॅकचा पाया खचतो. मातीच्या ट्रॅकवर पळणाऱ्या मोठ्या स्प्रिंट कारचे (खास शर्यतीच्या गाडीचे) 410 घन इंचांचे नवे इंजिन पन्नास हजार डॉलरच्या पुढे जाते; आठवड्याला काहीशे डॉलर जिंकण्यासाठी ते कोण घेणार? तुमच्याच राज्यातल्या ‘आयएमसीए’ या मोटारशर्यतींच्या 1915 सालच्या संस्थेने 1979 मध्ये कमी खर्चाच्या ‘मॉडिफाइड’ गाड्यांचा वर्ग सुरू केला आणि छोट्या ट्रॅकना त्याचा मोठा आधार झाला. तुमच्या ट्रॅकवर मुख्यतः हाच वर्ग पळतो, ही जमेची बाजू आहे. तरीही तीन वर्षांत दर रात्री येणाऱ्या गाड्यांची संख्या किती होती, हे तुम्ही पाठवलेल्या कागदांत कुठेही नाही. माझ्या मते तोच आकडा सर्वांत आधी विचारायला हवा होता.

आता जमिनीकडे वळू. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या 2024 च्या पाहणीत राज्यातल्या शेतजमिनीचा सरासरी भाव एकरी 11,467 डॉलर होता. त्या हिशेबाने 40 एकरांचे सुमारे 4,59,000 होतात. गावालगतची जागा म्हणून भाव जास्त येईल हे मान्य, पण निव्वळ शेतीच्या भावाने पाहिले तर तुम्ही जवळजवळ निम्मी किंमत स्टँड, दिव्यांचे खांब, कुंपण आणि ग्रेडर यांसाठी मोजत आहात, आणि या वस्तू शर्यती चालू असेपर्यंतच मोलाच्या आहेत. उद्या जागा बांधकामासाठी विकली तर त्या पाडून हलवण्याचा खर्च घेणारा तुमच्याच किमतीतून वजा करील. बँकेचे 5,40,000 डॉलरचे कर्जही शेतीच्या भावाने होणाऱ्या किमतीपेक्षा जास्त आहे. सहाही जणांच्या सह्या बँक का मागते, त्याचे उत्तर इथे आहे.

या व्यवहारातली खरी अडचण याच ठिकाणी आहे. तुमचा परतावा जमिनीत आहे आणि जमिनीचा पैसा शर्यती थांबल्यावरच हाती येतो. फिनिक्सचा मँझनिटा स्पीडवे 1951 पासून चालू होता, तो 2009 मध्ये जागा विकली गेल्याने बंद झाला. फ्लोरिडात टँपाजवळचा 1977 सालचा ईस्ट बे रेसवे पार्क फॉस्फेट खतांच्या मोझेक कंपनीने घेतला आणि 2024 मध्ये तिथली शेवटची शर्यत झाली. मालकांनी काही चूक केली असे मी म्हणणार नाही. त्यांना जमिनीचे मोल मिळाले, एवढेच. जे टिकले त्यांच्याकडे पाहिले तर त्यांची मालकी निराळ्या प्रकारची दिसते. 1961 पासून ‘नॅशनल्स’ ही स्प्रिंट कारची मोठी वार्षिक स्पर्धा भरवणारा नॉक्सव्हिलचा ट्रॅक तुमच्यापासून फार दूर नाही. तो मॅरियन काउंटीच्या जत्रा समितीचा आहे, तिला भागीदारांना लाभांश वाटायचा नसतो. ओहायोतला एल्डोरा ट्रॅक 2004 मध्ये टोनी स्ट्युअर्ट या नामांकित शर्यतपटूने घेतला, आणि त्याच्या मिळकतीची तुमच्या-माझ्याशी तुलना नको. मुलीच्या कॉलेजचा खर्च तीन वर्षांवर आलेल्या सहा नोकरदारांची भागीदारी या दोन्हींत बसत नाही. पाचव्या वर्षी एखाद्याला पैशांची निकड लागली की जागा विकण्याचा विषय तोच काढील. कदाचित तो तुम्हीच असाल.

जामीनकीबद्दल स्पष्ट लिहितो. तुमच्या मनात ‘माझ्या वाट्याचे नव्वद हजार’ असा हिशेब आहे, तो अशा कागदात सहसा चालत नाही. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहून कर्जदाराऐवजी स्वतः नोटीस घेतलेली माणसे साताऱ्यात तुम्ही पाहिली असतील. इथल्या बँकेचा कागद त्याहून मवाळ नसतो. जबाबदारी ‘संयुक्त आणि स्वतंत्र’ असते, म्हणजे बाकीचे पाच जण हात वर करून मोकळे झाले तर संपूर्ण थकबाकी बँक तुमच्या एकट्याकडून मागू शकते. ट्रॅकसाठी एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, स्थापन केल्याने मिळणारे संरक्षण ही एक सही काढून घेते.

तुमच्या बाबतीत व्हिसाचा पैलू याहून नाजूक आहे. नुसते पैसे गुंतवण्यास एच-वन-बीधारकाला सहसा अडचण नसते. परंतु पत्रात तुम्ही ‘हिशेब आणि तिकीटखिडकी मी सांभाळीन’ असे लिहिले आहे. पगार न घेता केलेले असे कामही परवानगीशिवायची नोकरी ठरवले जाऊ शकते, आणि तेरा वर्षे रांगेत उभे राहिल्यानंतर तो धोका पत्करण्यात शहाणपण नाही. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय खिडकीत बसूसुद्धा नये. स्थानिक बँकेने नकार दिल्यास छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारच्या एसबीए योजनेतून कर्ज काढू, असे तुमच्या एका मित्राने सुचवले आहे. त्या योजनेतले मालकांच्या नागरिकत्वाविषयीचे नियम 2025 मध्ये बरेच कडक झाले असून व्हिसावर असलेला एक भागीदारही संपूर्ण अर्ज अपात्र ठरवू शकतो. तुम्ही बाहेर राहण्यात तुमच्या मित्रांचाही लाभ असू शकतो, हे त्यांना सांगायला हरकत नाही.

नोकरी गेल्यास तुम्हाला नवी नोकरी शोधायला किंवा व्हिसाची दुसरी सोय करायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. म्हणून 85,000 डॉलरपैकी निदान आठ महिन्यांचा घरखर्च मी हात न लावण्याजोगा मानतो, आणि उरलेल्यावर मुलीचा पहिला हक्क आहे. 401-के मधून 50,000 डॉलरपर्यंत कर्ज मिळेल, पण नोकरी सुटली तर थकबाकी त्या वर्षाचे विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत फेडावी लागते. न फेडल्यास ती रक्कम उत्पन्न धरली जाते आणि वय साडेएकोणसाठच्या आत असल्याने वर दहा टक्के दंड बसतो. म्हणजे ज्या महिन्यात पैसा नसेल, नेमका त्याच वेळी तो भरावा लागेल. हडपसरचा फ्लॅट विकण्यात भारतात दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर व अधिभार, कमी दराचा दाखला आधी न काढल्यास ग्राहकाने मोठ्या रकमेवर कापलेला टीडीएस, पैसे बाहेर पाठवण्यासाठी कर खात्याचे अर्ज आणि पुन्हा अमेरिकेच्या विवरणपत्रात तोच नफा, एवढे सोपस्कार आहेत. फ्लॅट कधीतरी विकावासा वाटला तर त्यावर वेगळे लिहीन; या कारणासाठी मात्र त्याला हात लावू नये. तूट झाली तर ती पगारातून वजा दाखवता येईल, ही तुमची समजूतही चुकीची आहे. ज्या व्यवसायात तुम्ही प्रत्यक्ष राबत नाही, त्याचा तोटा सर्वसाधारणपणे तशाच प्रकारच्या उत्पन्नातूनच वळता होतो.

मग करावे काय? मित्रांपुढे असा प्रस्ताव ठेवावा की ट्रॅक लगेच विकत न घेता मालकांकडून दोन हंगामांसाठी भाडेपट्ट्याने घ्यावा आणि त्यातच ठरलेल्या किमतीला पुढे खरेदी करण्याचा हक्क लिहून घ्यावा. मालकांना घरबसल्या भाडे मिळेल, तुमच्या मित्रांना व्यवस्थापकाचा पगार देऊन काय उरते ते दिसेल, आणि बँकेच्या दारात जावे लागणार नाही. त्याच काळात काउंटीच्या जत्रा समितीशी किंवा ना-नफा संस्था स्थापन करण्याविषयी बोलणे सुरू करावे, कारण टिकाऊ मालकी मला तिकडेच दिसते. पुढेमागे खरेदी झालीच तर जमीन एका कंपनीत आणि शर्यतींचा व्यवसाय दुसऱ्या कंपनीत असावा, म्हणजे अपघाताचा दावा विम्याच्या रकमेपलीकडे गेला तरी जमीन त्यात सहज ओढली जाणार नाही. झोनिंगचे, म्हणजे जमीन कशासाठी वापरता येते त्याचे, कागदही काउंटीच्या कार्यालयात आताच पाहून घ्यावेत. ट्रॅक जुना म्हणून त्याला सवलत असेल आणि एखादा हंगाम तो बंद राहिला, तर ती सवलत कायमची जाऊ शकते, आणि नव्या वसाहतीतले रहिवासी आवाजाच्या तक्रारी घेऊन तयारच असतात.

तुमचा स्वतःचा वाटा भाडेपट्ट्याच्या या व्यवस्थेत हंगामाला पाच हजार डॉलरपर्यंत असावा, तोही प्रायोजक म्हणून, परत मिळण्याची अपेक्षा न ठेवता आणि कुठल्याही कर्जावर सही न करता. त्या पैशाचा उपयोग मॉडिफाइड वर्गाच्या मागच्या क्रमांकांची बक्षिसे वाढवण्यासाठी व्हावा, असे मी सुचवीन. पहिल्या क्रमांकाला दोनशे डॉलर जास्त दिल्याने नवी गाडी येत नाही; पंधराव्या क्रमांकाला येण्याजाण्याचे डिझेल सुटले तर तो चालक पुढच्या शनिवारी येतो, आणि त्याच्याबरोबर पिटच्या दारात चार तिकिटे काढणारी माणसे येतात.