पाइनची पानं तांबडी पडलीत, खोडावर भुसा दिसतो. कुठलं औषध फवारू?

कुठलंच नाही. पानं तांबडी दिसायला लागली म्हणजे झाड कधीच गेलेलं असतं, आणि बहुतेक वेळा साल पोखरणारे भुंगेरेही उडून शेजारच्या झाडावर पोचलेले असतात. फवारणीचा उपयोग झालाच तर अजून न पोखरलेल्या खोडाला, तोही भुंगेरे उडायच्या आधी.

नुसत्या भुंगेऱ्यावर खापर फोडून भागत नाही, हे मी आमच्या समितीला सांगून थकलो. घरांमागे पाइनची सामाईक राई होती, इतकी दाट की खाली ऊन पोचायचं नाही. पाऊस सलग कमी झाला तेव्हा म्हटलं, विरळणी करा, एवढ्याशा पाण्यावर सगळी जगणार नाहीत. पाइनचं मुख्य हत्यार राळ. तांदळाच्या दाण्याएवढा भुंगेरा साल पोखरू लागला की झाड राळ सोडून त्याला बाहेर ढकलतं. मुळांना पाणीच नसेल तर राळ येणार कुठून? मग आत शिरलेले भुंगेरे गंध सोडून बाकीच्यांना बोलावतात, त्यांच्यासोबत आलेली बुरशी पाणी वर चढू देत नाही, आणि अळ्या सालीखालचा थर फस्त करतात. अध्यक्षांनी भर सभेत मला लाकूडतोड्या ठरवलं. म्हणे, पाऊस पडला की सावरतील!

पहिलं झाड वाळलं तेव्हा सुरीने साल उचकटून त्यांना दाखवली. आत नागमोडी बोगदेच बोगदे, भुशाने ठासलेले, राळेचा टिपूस नाही. तरी त्यांनी फवारणीवालाच बोलावला. शेवटी अख्खी राई तोडावी लागली. माझ्या हद्दीत मी आधीच विरळणी केली होती, तिथली बरीच झाडं उभी आहेत.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 1990 च्या दशकात सुरू झालेली अशाच भुंगेऱ्यांची साथ सुमारे 1.8 कोटी हेक्टरवर पसरली. एकाच वयाची जुनी पाइनं खेटून उभी, त्यात अळ्या मारणारी कडाक्याची थंडी पडेनाशी झालेली.

तुम्ही आता हिरव्या झाडांची खोडं बघा. राळेच्या पांढुरक्या गोळ्यात भुंगेरा अडकून मेलेला दिसला तर झाड अजून लढतंय. राळ नाही आणि सालीच्या फटींत नुसता तांबूस भुसा असेल तर ते काढून लांब न्या.

हां, विरळणी भुंगेरे उडायच्या हंगामात करू नका, आणि ताज्या फांद्या तिथेच टाकू नका, वासाने येतात. साथ फार मोठी असेल तर विरळ राईही जाते. माझीही काही गेलीच.

अध्यक्ष अजून म्हणतात, मी झाडं तोडली म्हणून भुंगेरे आले. मग ते आधी माझ्याकडे यायला नकोत?