आयसीयूचा मॉनिटर घरून बघायचाय? आधी ते पोर्ट बंद करा

तुमचा प्रश्न असा: खानापुरात सहा खाटांचा आयसीयू, डॉक्टर रात्री बेळगावात टिळकवाडीला. मॉनिटरवाल्या इंजिनिअरने राउटरचं ३३८९ पोर्ट (इंटरनेटवरून आत यायचं एक क्रमांकाचं दार) उघडून सेंट्रल मॉनिटरचा पीसी त्यांच्या मोबाइलवर दिसेल असं करून दिलंय. "वर्षभर चालतंय, मग बिघडलं कुठं?"

वर्षभरात कोण कोण आत येऊन गेलं, हे तुम्हाला सांगता येईल का? रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे दुरून पीसी वापरायच्या विंडोजच्या सोयीचं, हे ठरलेलं पोर्ट आहे आणि जगभरचे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, रात्रंदिवस तेच हुडकत असतात. पासवर्ड हॉस्पिटलचं नाव आणि पुढे १२३ असणार. रागावू नका, मी बहुतेक ठिकाणी हाच बघितलाय. त्यात पीसी विंडोज ७ वर असेल, तर त्याचे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबलेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरने (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) बसले, तेव्हा तिथली कामं कित्येक दिवस कागदावर चालली. आपल्याकडे तर आयटीवाला म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातला ओळखीचा मुलगा.

पोर्ट आजच बंद करा आणि वायरगार्डसारखं व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचा कुलूपबंद खासगी रस्ता, घ्या. किल्ली (ओळख पटवणारा गुप्त डिजिटल कोड) नसलेल्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून हुडकणाऱ्याला तिथं काही आहे हेच कळत नाही. आपल्याकडची खरी अडचण वेगळी. बऱ्याच कनेक्शनना स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून पोचता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता, नसतो, एकच आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो. मग इंटरनेट कंपनीकडून स्टॅटिक (न बदलणारा, स्वतःचा) आयपी मागून घ्या, नाहीतर भाड्याचा छोटा सर्व्हर मध्ये ठेवा. हॉस्पिटल आणि मोबाइल दोघंही त्याला येऊन जोडतील. प्रत्येक मोबाइलची किल्ली वेगळी ठेवा, म्हणजे मोबाइल हरवला तर तेवढीच रद्द करता येते. डॉक्टरांना नुसतं बघता यावं. अलार्मची मर्यादा घरून बदलायची सोय नको.

बेडसाइड मॉनिटरांचं नेटवर्क बिलिंगच्या आणि पाहुण्यांच्या वायफायपासून तोडा. त्यांना इंटरनेटची गरज नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) काँटेक कंपनीच्या सीएमएस ८००० मॉनिटरबद्दल इशारा दिला होता: इंटरनेटला जोडला की तो पेशंटची माहिती बाहेर पाठवत होता.

आणि इंजिनिअरवर लक्ष ठेवा. एका दवाखान्यात मी सगळं बंद करून निवांत घरी आलो. दोन महिन्यांनी पीसीच्या मागे सिमवालं डोंगल सापडलं, सर्व्हिसच्या सोयीसाठी लावलेलं! त्याला काम असेल तेव्हा फोन करू दे, तेवढ्यापुरतं चालू करून द्या.

यातलं काहीही केलं तरी अलार्म ऐकायला सिस्टर खाटेजवळच हवी. जुलैत जांबोटीकडं झाड पडतं, करंट जातो, नेट जातं, आणि मोबाइलवर शेवटचं चित्र तसंच गोठून राहतं. ९७ ऑक्सिजन, छान दिसतंय. डॉक्टरांना सांगा, आकड्याआधी पडद्यावरचं घड्याळ सरकतंय का बघा.

तुम्ही प्रश्नासोबत टाकलेल्या फोटोत तिसऱ्या खाटेच्या पेशंटचं नाव वाचता येतंय. तेवढा फोटो आधी हटवा, मग राउटरचं मॉडेल कळवा.