अपत्यासाठीचे उपचार आणि सरकारी खर्च

प्रश्न : मी सोलापुरात यंत्रमागावर काम करतो. पत्नीच्या गर्भनलिका बंद असल्याने डॉक्टरांनी टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार सुचवला आहे. ‘मूल नसल्याने कोणी मरत नाही, मग सरकारने खर्च का करावा?’ असे नातेवाईक विचारतात. त्यांना काय सांगावे?

उत्तर : मोतीबिंदूनेही कोणी मरत नाही, तरी त्याची शस्त्रक्रिया सरकारी खर्चाने होते आणि ते योग्यच आहे. जागतिक आरोग्य संघटना वंध्यत्वाला आजारच मानते. जगात सुमारे सहापैकी एका व्यक्तीला तो आयुष्यात कधी तरी गाठतो, असा तिचा २०२३ चा अंदाज आहे. आपल्या देशात गर्भनलिका बंद होण्यामागे अनेकदा क्षयरोग असतो. ज्या क्षयाचे औषध सरकार मोफत देते, त्यानेच मागे ठेवलेल्या व्यंगावरील उपचारासाठी मात्र विड्या वळणाऱ्या किंवा माग चालवणाऱ्या कुटुंबाने दागिने मोडावेत, हे मला मुळीच न्याय्य वाटत नाही. सार्वजनिक रुग्णालयांना हे तंत्र पेलणार नाही, असेही कोणी म्हणू नये, कारण ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत या तंत्राने जन्मलेली मुलगी महापालिकेच्या केईएम रुग्णालयातच जन्मली होती. २०२१ च्या कायद्याने उपचार केंद्रांना नोंदणी सक्तीची केली, परंतु खर्चाचा भार कुटुंबावरच राहिला. आपली स्वतःची तपासणी झाली नसेल, तर तीही अवश्य करून घ्यावी.