१४ हजार पगार, रेशन फुकट, तरी घर उपाशी? कोल्हापुरातल्या एका किराणा दुकानदारीणीचं उत्तर

तुम्ही विचारलंय की कोल्हापूर म्हणजे ऊस, दूध, कारखान्यांचा जिल्हा. तिथं महिना १४ हजार मिळवणाऱ्याच्या घरात उपासमार असते हे खरं कसं मानायचं, रेशन तर आता फुकटच आहे. आणि खरं असेल तर बाहेरच्या माणसानं काय करावं.

खरं आहे. माझं शिरोली एमआयडीसीच्या अंगाला, नागाव फाट्याकडं किराणा दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक फौंड्रीतलं, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यातलं: वाळूचे साचे करणारे मोल्डिंगवाले, ओतलेला माल घासून साफ करणारे फेटलिंगवाले, साच्यातले वाळूचे गाभे करणाऱ्या कोअर शॉपमधल्या बायका, ठेकेदाराकडची पोरं. कोण किती कमावतो ते मला कुणी सांगत नाही, पण कोण काय खातो ते उधारीच्या वहीत दिसतं. तेवढ्या अधिकारावर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे १४ हजार पगार असं जे म्हणतात तो पगार नसतो, हजेरी असते. दिवसाची ५४० रुपये हजेरी आणि २६ हजेऱ्या भरल्या तर १४,०४०. पण ऑर्डर कमी झाली, भट्टी दुरुस्तीला काढली, पोरगं आजारी पडलं, ठेकेदारानं ‘ब्रेक’ दिला, की हजेऱ्या वीसवर येतात आणि हातात १०,८०० राहतात. पीएफ कापला नाही असं धरून सांगते. आता नमुन्याचा हिशोब करा. खोलीभाडं आणि लाईट बिल मिळून ४,०००, गॅस ९००, पेट्रोल ८००, बचत गटाचा किंवा मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता ७०० म्हणजे महिन्याचे २,८००. झाले ८,५००. उरले २,३००. चार माणसांच्या अख्ख्या घराला दिवसाला ७६ रुपये. दूध, भाजी, डाळ, तेल, मीठमिरची, साबण, पोरांच्या वह्या, दवाखाना, सगळं त्यातच. हजेऱ्या पूर्ण भरल्या तर हाच आकडा १८५ च्या आसपास जातो. म्हणजे सहा खाडे झाले की पगार पावपट कमी होतो, पण जेवणाचा पैसा निम्म्याहून खाली येतो. भाडं, हप्ता, गॅस यातलं काहीच थांबत नाही, त्यामुळं मारायला एकच जागा राहते, ती म्हणजे पोट. ‘१४ हजारात भागत कसं नाही’ असं विचारणारी बहुतेक मंडळी ही वजाबाकी करतच नाहीत.

आता रेशनचं. १८९६-९७ च्या दुष्काळात शाहू महाराजांनी संस्थानात स्वस्त धान्याची दुकानं उघडली होती, त्यामुळं कोल्हापूरला ही कल्पना काही नवी नाही. आजचा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे कमी उत्पन्नाचं म्हणून यादीत घेतलेल्या घराला, माणशी महिना ५ किलो, सगळ्यात गरीब घरांच्या अंत्योदय कार्डाला घरामागे ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट. चांगलीच गोष्ट आहे, तिच्यामुळं या भागात यादीत नाव असलेल्या घराची कणगी अगदी रिकामी राहत नाही. पण ५ किलो म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅम. भट्टीपुढं आठ तास उभा राहणारा गडी एवढं एका बसणीत संपवतो, रात्रीचं बाजूलाच. मिळतात ते गहू-तांदूळ, कधी तांदूळच जास्त. डाळ नाही, तेल नाही. सणाला ‘आनंदाचा शिधा’ यायचा त्यात रवा, साखर, चणाडाळ, तेल असायचं, पण तो सणापुरता.

आणि हे धान्य सगळ्यांना मिळतं असंही नाही. राज्यानं प्राधान्य कुटुंबासाठी जी उत्पन्नाची मर्यादा ठरवली ती शहरात वर्षाला ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपये. ५९ हजार भागिले बारा करा, महिना पाच हजाराच्या आत येतं. हजेरीवरचा कुठला कामगार त्यात बसतो? कागद नीट लावला तर हे घर ‘श्रीमंत’ ठरतं. ज्यांचं नाव पूर्वी लागलं त्यांचं चालू आहे, नव्यानं लग्न होऊन वेगळं झालेल्यांना हे धान्य न मिळणारं केशरी कार्ड मिळतं आणि पुरवठा शाखेत उत्तर मिळतं की इष्टांक शिल्लक नाही. इष्टांक म्हणजे तालुक्याला ठरवून दिलेला लाभार्थ्यांचा आकडा, आणि तो अजून २०११ च्या जनगणनेवर बांधलेला आहे. त्यानंतर इथं किती खोल्या वाढल्या ते बघायला या एकदा.

दुसरी अडचण नाव गावाकडच्या कार्डावर असण्याची. शाहूवाडी, गगनबावड्याची माणसं आहेत, जतकडची आहेत, बिहार-ओडिशाची तर कितीतरी. धान्य गावात भाऊ उचलतो आणि हा इथं माझ्याकडून ४० रुपये किलोनं तांदूळ नेतो. आणखी एक, जे कार्यालयात बसून कळत नाही. मोल्डिंगवाल्यांच्या बोटाच्या रेषा वाळूनं झिजलेल्या असतात. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर अंगठा उठत नाही, मग ‘उद्या या’. उद्या येणं म्हणजे अर्धी हजेरी.

आता उपासमार दिसते कशी ते सांगते, कारण तुमच्या डोक्यात बहुतेक रिकामं ताट असणार. तसं क्वचित असतं. पगार झाला की पहिल्या आठवड्यात बाई किलोभर तूरडाळ, लिटरची तेलाची पिशवी, शेंगदाणे, गूळ, अर्धा डझन अंडी नेते. दुसऱ्या आठवड्यात अर्धा किलो. विसाव्या तारखेनंतर पावशेर डाळ, तीही मसूर, आणि तेल दहा-वीस रुपयांचं. शेवटच्या चार दिवसांत फक्त चहापूड, साखर आणि बिस्किटाचा पुडा. या दिवसांत घरात आमटी होते, पण तिच्यात डाळ शोधावी लागते. खर्डा दाण्याशिवाय होतो, नुसती मिरची आणि मीठ. भात असतोच. पोट भरतं, ताकद येत नाही. पोरं संध्याकाळी चहात बेकरीतलं कडक बटर बुडवून खातात आणि तसंच झोपतात.

घरात कमी कुणाच्या ताटात पडतं याला ठरलेली रीत आहे. कामावरच्या गड्याचा डबा हलका चालत नाही, चक्कर येऊन भट्टीजवळ पडला तर सगळंच संपलं. मग पोरं. मग सासू-सासरे असतील तर ते. शेवटी ती. मी कुणाच्या घरात डोकावत नाही, पण ‘वहिनी, मला काय, चहा झालाय’ हे वाक्य दुपारी दीड वाजता दुकानात ऐकलं की समजतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. मला त्यात नवल वाटलं नाही.

थोडं थोडं घेणं महागात पडतं, हेही बाहेर लक्षात येत नाही. पाच लिटरचा डबा घेणाऱ्याला तेल जेवढ्याला पडतं त्यापेक्षा वीस रुपयांचं नेणाऱ्याला लिटरमागे चांगलंच जास्त पडतं. पाव किलो डाळीचं तसंच, चहाच्या पाच रुपयांच्या पुडीचं तसंच. मॉलमधली ‘एकावर एक मोफत’ योजना ज्याच्याकडं एकदम हजार रुपये आहेत त्याच्यासाठी असते. उधारीवर मीही रुपया-दोन रुपये चढवते, लपवत नाही. घाऊक व्यापारी मला उधार देत नाही आणि काही खाती बुडतातच.

इथं कुणीतरी म्हणणार, दारू आणि मावा (सुपारी-तंबाखूचा) बंद केला तर भागेल. काही घरांत ते खरंच आहे, आणि अशा घरातल्या बाया पगाराच्या दिवशी कंपनीच्या गेटवर जाऊन उभ्या राहतात हेही खरं. पण माझ्या वहीत जी खाती महिनाअखेरीला सुकतात त्यातली कितीतरी माणसं माळकरी आहेत. आणि मावा म्हणाल तर सेकंड शिफ्टची पोरं तो भूक मारायलाच तोंडात धरतात. वीस रुपयांत वडापाव एक येतो, मावा दोन-तीन तास काढतो. चूक आहे, कबूल, पण त्या पोराचा हिशोब सरळ आहे.

माझ्या मते जास्त खाऊन टाकतो तो हप्ता. ज्या दिवशी गल्लीत गटाची मीटिंग असते त्याच्या आदल्या दिवसापासून माझं दुकान थंड असतं. एकीनं हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा, त्यामुळं अब्रू जायची भीती सावकारापेक्षा जास्त. कर्ज कशासाठी काढलेलं असतं? बाळंतपण, सासऱ्याचं ऑपरेशन, खोलीचं डिपॉझिट, आणि पूर. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते तेव्हा बातम्यांत पाण्यातली घरं दाखवतात, पण शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला की कच्चा माल येत नाही, कामगार पोचत नाही, आणि जिच्या घरात थेंब शिरला नाही तिचीही हजेरी बुडते. तिला पंचनामा नाही, सानुग्रह अनुदान नाही. तेव्हाचं कर्ज फेडायला घेतलेलं कर्ज काहींचं अजून चालू आहे.

शाळेतल्या पोषण आहाराला नावं ठेवणाऱ्यांना माझ्याकडं मे महिन्यात पाठवा. पहिली ते आठवीच्या पोराला शाळेत दुपारी शिजवलेलं मिळतं, पाचवीपर्यंत ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, पुढं ७०० आणि २० असा नियम आहे. खिचडी पातळ असेल, वाटाणा कच्चा असेल, पण एक वेळ सुटते. सुट्टी लागली की तेच पोरगं दुपारी पाच रुपये घेऊन माझ्या काउंटरला उभं राहतं. आणि नववीत गेलं की तो आहार कायमचा बंद. वाढत्या वयाची पोरगी, आणि नेमका तेव्हाच ताटातला एक घास कमी.

इचलकरंजीत यंत्रमागावर मीटरवर मजुरी, हुपरीत चांदीचं काम घरी आणून बायका वजनावर करतात, तिथलं चित्र थोडं वेगळं आहे पण माल उठला नाही की मजुरी नाही हे तेच. ऊसतोडीच्या टोळ्यांबद्दल बोलायचं तर ते वेगळंच उत्तर होईल. त्यांनी उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधी घेतलेली असते आणि सगळा हंगाम ती फेडण्यात जातो. गावात म्हैस असलेली घरंही बघा. डेअरीचं बिल दहा दिवसांनी येतं, पेंडीचे पैसे त्यातून कापून. म्हणून धार काढली की दूध डेअरीला आणि पोरांना कोरा चहा. दुधाचा जिल्हा म्हणालात ना, तो असा आहे.

लाडकी बहीणचे १,५०० खात्यावर आले की माझ्याकडं अंडी आणि दूध वाढतं. हे मी राजकारण म्हणून सांगत नाही, विक्री सांगते. बाईच्या हातात पैसा आला की तो कुठं जातो एवढंच.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. धान्याची किटं वाटू नका. तांदूळ-गहू घरात असतात; फोटोसकट दिलेले आणखी पाच किलो तांदूळ काही बायका नाइलाजानं मलाच विकायला आणतात. द्यायचंच असेल तर डाळ, तेल, शेंगदाणे द्या, आणि महिन्याच्या वीस तारखेनंतर द्या.

त्याहून उपयोगी काम कागदांचं आहे. ज्याचं नाव गावच्या कार्डावर आहे त्याला ‘एक देश एक रेशनकार्ड’मध्ये आपल्या वाट्याचं धान्य इथल्या दुकानात उचलता येतं, घरच्यांचं गावात चालू ठेवून, हे निम्म्या लोकांना माहीत नसतं. कार्डाची केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, करून द्या. तक्रारीसाठी १९६७ हा नंबर आहे. अंगठा उठत नसेल तर आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्यानं घेऊन मिळतात, फक्त त्या दिवशीची हजेरी कुणीतरी भरून द्यायला हवी. आणि २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्याचं ईएसआय (कामगार विमा) कापलं जातं का ते पगाराच्या चिठ्ठीवर बघा. कापलं जात असेल तर आजारपणात वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. पोटाला चिमटा बसायची सुरुवात बहुतेक घरांत आजारपणानं होते, आणि ईएसआयचं कार्ड खिशात असून खासगी दवाखान्यात उसने पैसे भरणारी माणसं मी रोज बघते. तुमचा कुणी कारखानदार ओळखीचा असेल तर त्याला एवढंच सांगा की ठेकेदारानं पगार सात तारखेच्या आत दिला का ते बघ. दहा-बारा तारखेला झालेला पगार म्हणजे आणखी पाच दिवस कोरा चहा.

पैसेच द्यायचे असतील तर एखाद्या वस्तीतल्या दुकानात जाऊन दोन-चार खात्यांची बाकी भरा. यात माझा स्वार्थ आहे हे उघड आहे, तरी सांगते, कारण जुनी बाकी मिटली की बाईला पुन्हा किलोनं डाळ नेता येते. फक्त नावं विचारू नका, वहीचा फोटो काढू नका. कुणाची किती बाकी आहे हे गल्लीत फुटलं की ती बाई दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या दुकानात जाते, आणि तिथं तिला उधार मिळत नाही.